पाकिटावरचा शेरा

"अहो, तुमचं अक्षर मोबाइलवर आलंय," बायको स्वयंपाकघरातून ओरडली. "आणि लोक त्याच्यावर बोली लावतायत! आता किराणाची यादीसुद्धा जपून ठेवते बाई."

ग्रंथपाल हातातलं पुस्तक उलटं ठेवून उठले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी गल्लीत त्यांना अजून ग्रंथपालच म्हणत. बायकोने पिठाच्या हाताने मोबाइल पुढे केला. पडद्यावर फुलाफुलांची चादर होती. चादरीवर एक तपकिरी कागदी पाकीट होतं आणि पाकिटावर निळ्या शाईत त्यांचं स्वतःचं बारीक, उजवीकडे किंचित झुकलेलं अक्षर होतं. वर साल, खाली शेरा: कोरं. वापर नाही. कडा तीक्ष्ण. शेजारी नाणं ठेवलेलं होतं, पण फ्लॅश असा पडला होता की नाण्याच्या जागी नुसता पांढरा ठिपका दिसत होता. सगळ्याच्या वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "अत्यंत दुर्मीळ!!! तज्ज्ञाने तपासलेलं!!!"

"तज्ज्ञ कोण?" ग्रंथपालांनी विचारलं.

"तुम्ही. घरात कोणाला पत्ता नव्हता."

ते खुर्चीत बसले. पाकीट चष्मेवाल्याचं होतं. चष्मेवाला जाऊन एक हिवाळा आणि एक उन्हाळा उलटला होता. त्याची मुलगी त्याची नाणी ऑनलाइन लिलावात विकत होती आणि तिने त्यांना एका शब्दाने विचारलं नव्हतं.

हे त्यांना का लागलं ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

चष्मेवाल्याचं दुकान ग्रंथालयाच्या समोरच्या बाजूला होतं. ग्रंथपाल पहिल्यांदा तिथे गेले ते वाचायचा चष्मा करायला, आणि काउंटरवर सुट्टे पैसे मोजताना दोघांचे हात एकाच जुन्या नाण्यावर पडले. त्या दिवशी चष्मा राहिला बाजूला आणि गप्पा सुरू झाल्या. दोघांनाही एकाच राजाचं वेड होतं. त्या राजाने फार वर्षं राज्य केलं होतं आणि दर वर्षी चांदीचं एक नाणं पाडलं होतं; एका बाजूला त्याचं डोकं, दुसऱ्या बाजूला धान्याचं कणीस. सगळ्या वर्षांचा चांगला संच जमवणं म्हणजे पगारदार माणसाने घोडा पाळण्यासारखं होतं. तेव्हा चष्मेवाल्यानेच तोड काढली. "पंडित," तो म्हणाला, कारण पहिल्या दिवसापासून तो त्यांना पंडितच म्हणायचा, "विषम वर्षं माझी, सम वर्षं तुझी. संच एक, घरं दोन. बोल, आहे कबूल?"

ग्रंथपालांना कुठल्याही गोष्टीला चटकन हो म्हणणं जमत नसे. घराला कुलूप लावल्यावर ते परत जाऊन ओढून बघत. बसमध्ये तिकीट काढल्यावर बस बरोबर आहे ना, हे शेजाऱ्याला विचारत. पण त्या दिवशी त्यांनी लगेच हात पुढे केला.

पुढे नियम ठरले. पहिला नियम असा की आपल्या नाण्याचा दर्जा आपण ठरवायचा नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे नाण्यांच्या बाबतीत तर फारच खरं. आपल्या नाण्यावरचा ओरखडा माणसाला दिसतच नाही. म्हणून चष्मेवाल्याच्या नाण्यांना ग्रंथपाल शेरा देत आणि ग्रंथपालांच्या नाण्यांना चष्मेवाला. दुसरा नियम असा की एकदा शेरा लिहून नाणं पाकिटात गेलं की पाकीट चिकटवायचं आणि पुन्हा उघडायचं नाही. चांदीला हवा लागते, घाम लागतो, माणसाचा मोह लागतो. रविवारी सकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत दोघं आपापली पाकिटं टेबलावर क्रमाने मांडत. त्याचं, याचं, त्याचं, याचं. मग चहा पीत बघत बसत.

"दोन म्हातारे बंद पाकिटांकडे बघत बसतात," बायको म्हणायची. "लोक सिनेमा बघतात, हे तिकिटं बघतात."

तिने काहीही म्हटलं तरी ग्रंथपालांना त्या खोलीत सुख होतं. ते असं की जन्मभर प्रत्येक गोष्टीची शंका घेणाऱ्या या माणसाला भिंगाखाली मात्र शंका येत नसे. राजाच्या केसाच्या बटा सुट्या दिसतात की नाही, गालाच्या उंचवट्यावरची चमक गेली आहे की राहिली आहे, हे त्यांना सरळ दिसे आणि दिसे तसं ते लिहीत. चष्मेवाला कधी कधी कुरकुरायचा, "अरे, जरा हात सैल सोड की, शेरा देतोयस का शिक्षा?" पण ते एक अक्षर बदलत नसत. आयुष्यात त्यांनी स्वतःच्या बळावर ठामपणे लिहिलेलं असं काही असेल, तर ते त्या पाकिटांवर होतं.

आणि एकदा चहा पिता पिता असंही बोलणं झालं होतं की जो आधी जाईल त्याचा अर्धा संच आधी दुसऱ्याला दाखवायचा. योग्य किमतीला, अर्थात. चष्मेवाला गेल्यावर ग्रंथपाल महिनोन् महिने वाट बघत राहिले. पण आपण होऊन कसं विचारायचं? मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायला आला म्हणतील. भिंगरी आपण होऊन विचारेल, असं ते स्वतःला सांगत राहिले.

भिंगरी म्हणजे चष्मेवाल्याची मुलगी. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून बापाने ठेवलेलं हे नाव तिला मोठेपणीही चिकटलं होतं. आता ती एका विमा कंपनीत होती आणि बापाच्या दुकानावरच्या घरात एकटी राहत होती. लिलाव दिसला त्याच दुपारी तिचा फोन आला.

"काका, बघितलंत का? पहिली पाच लावली! पहिल्याच दिवशी बोली दुप्पट झाली."

"बघितलं," ग्रंथपाल म्हणाले. मग बराच वेळ शब्द जुळवून त्यांनी विचारलं, "मला आधी सांगितलं असतंस तर..."

"अहो, मी सांगणारच होते. पण बाबांनी हॉस्पिटलमध्ये बजावून ठेवलं होतं. म्हणाले, सगळी ऑनलाइन विकून टाक, पंडितला मात्र यात ओढू नकोस. त्याच्या जिवाला लागेल. मुकाट्याने वीक."

ग्रंथपालांच्या डोळ्यांत पाणी आलं. जाता जाता त्याला आपल्या जिवाची काळजी होती! त्यांनी फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं. तिने फक्त पोळी उलटली.

पाचही नाणी चढ्या भावाने गेली. ग्रंथपालांनी एकावरही बोली लावली नाही, मित्राची इच्छा म्हणून. मग आठवड्याभरात त्या पानाखाली लोक लिहू लागले. बायको ते मोठ्याने वाचून दाखवायची आणि अर्ध्यावर थांबायची.

"'याला कोरं म्हणत असतील तर माझी आजी सोळा वर्षांची आहे.'" ती हसली, आणि मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून हसू आवरलं. "'विकणारी नवीन दिसते, पण शेरा देणारा तर...'"

"वाच ना."

"'शेरा देणाऱ्याने आधी चष्मा बदलावा.'"

त्यानंतर दोनच दिवसांनी भिंगरी घरी आली. तिने चपला कशातरी काढल्या आणि पर्समधून परत आलेली दोन पाकिटं काढून टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे आदळलीच.

"काका, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार की."

"तुम्ही बाबांना खूश करायला लिहायचात का हे?"

ग्रंथपालांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी एक पाकीट उचललं, उघडलं, नाणं कडेने धरून तळहातावर घेतलं. राजाचा गाल वापरलेल्या साबणासारखा गुळगुळीत होता. केसांचा नुसता गोळा उरला होता. मागच्या बाजूचं कणीस कणीस आहे हे आधी माहीत असेल तरच कळलं असतं. त्यांनी पाकिटावर बघितलं. कोरं. वापर नाही. कडा तीक्ष्ण.

"घासलंस का तू हे?" त्यांचा आवाज चढला. "टूथपेस्ट लावलीस? नाहीतर राख? चमकवायला म्हणून लोक लावतात!"

"काका! लहानपणी मी नाण्याला बोट लावलं तेव्हा तुम्ही हातावर पट्टी मारली होतीत. मी अजून भाजीवालीला सुट्टे देतानासुद्धा नाणं कडेने धरते. फोटो काढायला पाकीट उघडलं, चिमट्याने बाहेर ठेवलं, चिमट्याने आत टाकलं. बस." ती श्वास घ्यायला थांबली. "मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुमचं अक्षर होतं म्हणून मी तसंच्या तसं टाकलं. लोक मला फसवी म्हणतायत. तीन जणांनी पैसे परत मागितलेत, उरलेले दोघंही मागतील. आणि बाबा बिचारे इतकी वर्षं तुमच्या शब्दावर विसंबून पैसे घालत राहिले! चांगलं आहे म्हणालात म्हणून चांगलं समजून बसले."

"अगं पोरी, असं काय बोलतेस," बायको मधे पडली. "चहा घे आधी."

"नको काकू. उरलेली पाकिटं मी लिलावात न लावता ठेवून दिलीत. काय करायचं ते काकांनी सांगावं." आणि ती गेली.

त्या संध्याकाळी ग्रंथपाल जेवले नाहीत. आधी त्यांनी स्वतःवरच संशय घेतला, कारण ती त्यांची जुनी सवय होती. मोतीबिंदू तेव्हापासूनच असेल का? दिवा कमी असेल? की मित्र समोर बसलेला, चहा गरम, म्हणून नकळत हात सैल सुटला असेल? एक नाही, दोन नाही, पाचही पाकिटांवर? मग माझ्या हातून आणखी काय काय चुकलं असेल?

"तुम्ही कुलपाची शंका घेतलीत, बसची घेतलीत, माझ्या मिठाची तर रोज घेता," बायको म्हणाली. "ह्या एका गोष्टीची कधी घेतली नव्हतीत. आता तीही सुरू करा म्हणजे झालं!"

मग त्यांनी दुसरं पाकीट उघडलं. हे साल त्यांना आठवत होतं. त्या नाण्यावर राजाच्या कानाजवळ टाकसाळीतूनच राहून गेलेली एक बारीक खूण होती, छापातला दोष. ग्रंथपालांनी भिंग डोळ्याला लावूनच सांगितलं होतं, "कानाजवळ स्वल्पविरामाएवढी खूण आहे." आणि चष्मेवाला खदखदून हसला होता. "पंडित, राजाच्या कानातसुद्धा तुला व्याकरण दिसतं!"

हातातल्या नाण्यावर स्वल्पविराम नव्हता. कानही जवळजवळ नव्हता. झिजून गेला असेल म्हणावं, तर पाकिटात बंद करून ठेवलेलं नाणं झिजत नाही. ते कुठे बाजारात जातं झिजायला? त्यांनी पाकिटाची वरची घडी दिव्याजवळ नेली. ग्रंथालयात जन्म पुस्तकं चिकटवण्यात गेला होता. त्यांनी स्वतः लावलेली खळ पिवळी पडून पापुद्र्यासारखी झाली होती आणि तिच्यावर दुसरा एक डिंक होता, पांढरट, चकचकीत. म्हणजे हे पाकीट फोटोच्या आधीही एकदा उघडून पुन्हा बंद केलेलं होतं.

नाणं बदललं होतं. शेरा खरा होता, पण तो या नाण्याचा नव्हताच.

त्यांना आधी हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. कारण बदललं असेल तर कोणी? थोडा वेळ त्यांनी भिंगरीवर संशय घेतला. पण चोराने चोरीचा माल तज्ज्ञाच्या शेऱ्यासकट जगाला दाखवला नसता, आणि ती तर रडवेली होऊन गेली होती. मग त्यांनी कधी केलं नव्हतं ते केलं. कपाटातली स्वतःची पेटी काढली आणि सम वर्षांची पाकिटं, ज्यांच्यावर चष्मेवाल्याचं मोठं, ढोबळ अक्षर होतं, ती एक एक उघडली.

त्यांची नाणी जागच्या जागी होती आणि शेरे तंतोतंत होते. उत्तम म्हटलेलं उत्तम होतं. उजव्या कडेला ठेच म्हटलं होतं तिथेच ठेच होती. त्या माणसाला सगळं नीट दिसत होतं.

चष्मेवाला ज्याच्याकडून नाणी आणायचा, त्या शहराच्या मध्यभागच्या नाणेवाल्याकडे ते दुसऱ्या दिवशी गेले. एका कार्यालयाच्या जिन्याखाली त्याचं दुकान होतं. एक काचेचं कपाट, एक खुर्ची, एक तराजू. ग्रंथपाल तिथे पूर्वी कधी गेले नव्हते. खरेदी नेहमी चष्मेवालाच करायचा. "तुला घासाघीस जमत नाही पंडित, तू घरी बस, मी आणतो दोघांची." आणि तो आणायचा, कबूल करायला हवं, नेहमी चांगलीच आणायचा.

त्यांनी राजाचं नाव काढताच नाणेवाल्याची कळी खुलली.

"त्याचा पूर्ण संच माझ्या हातात जन्मात एकदाच आलाय, साहेब. एक चष्मेवाले होते, त्यांचा. एकही वर्ष रिकामं नाही!"

"विषम वर्षं असतील," ग्रंथपाल हळूच म्हणाले.

"विषम काय नि सम काय, सगळी! सम वर्षं तर मीच त्यांना एक एक करून शोधून दिली. चिकाटीचा माणूस. आणि मग तीनेक वर्षांपूर्वी सगळा संच मलाच विकून गेले. म्हणाले, झाला पुरा, आता मजा गेली."

तीनेक वर्षांपूर्वी. तेव्हापासून तो जाईपर्यंत किती रविवार झाले, ते मोजायची त्यांची छाती झाली नाही.

"त्यातल्या नाण्यांचा दर्जा कोणी ठरवला होता?"

"त्यांनीच! काय डोळा होता हो. एकेका नाण्याचं वर्णन तोंडपाठ. एका नाण्याबद्दल म्हणाले, राजाच्या कानाजवळ स्वल्पविरामाएवढी खूण आहे, बघा. मी भिंग लावलं, तर खरंच! वा, म्हटलं. असं बोलायला नुसता डोळा पुरत नाही, वाचन लागतं."

ग्रंथपाल काचेच्या कपाटाकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "त्यांच्याबरोबर आणखी कोणी जमवत होतं का? मित्र वगैरे?"

"छे. मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, नाही हो, हा माझा एकट्याचा नाद." नाणेवाल्याने तराजू पुसायला घेतला. "गंमत सांगू? संच विकला त्याच दिवशी माझ्या रद्दीतली मूठभर झिजलेली नाणी घेऊन गेले. चांदीच्या वजनावर देतो आम्ही ती. पण त्यांनी निवडून निवडून विषम वर्षांचीच घेतली. म्हटलं, काय करणार? म्हणाले, शाळेतल्या पोरांना दाखवायला लागतात." तो हसला. "तुम्हाला काय हवं होतं, साहेब?"

"काही नाही," ग्रंथपाल म्हणाले. "नुसतं बघायला आलो होतो."

ते चालतच घरी आले. रस्ताभर त्यांना तो दिसत होता, रविवारी सकाळी, स्वच्छ शर्टात, पाकिटं मांडताना. माझं, तुझं, माझं, तुझं. आत रद्दी आहे हे ठाऊक असून तो मांडायचा. चहा ओतायचा. "पंडित, आपला संच जगात एक आहे," असं म्हणायचा. पैशाची गरज होती म्हणावं, तर दुकान चांगलं चाललं होतं. माझी सम वर्षं माझ्या पेटीत असताना त्याने स्वतःसाठी ती चोरून दुसऱ्यांदा जमवली. पूर्ण संच हवा होता, तर तोंडाने सांगायचं होतं! मी माझी सगळी सम वर्षं त्याला दिली असती. दिली असती का? ग्रंथपाल एका दिव्याच्या खांबापाशी थांबले. प्रामाणिकपणे त्यांना ते सांगता येईना. कदाचित दिली नसती. पण विचारलं असतं तर निदान नाही म्हणायचा मान तरी मिळाला असता. त्याने तोही ठेवला नाही. आणि वर ते वाक्य नेलं. नाणी त्याचीच होती, ती तो विकू शकत होता. पण स्वल्पविराम माझा होता.

आणि "पंडितला यात ओढू नकोस." त्याच्या जिवाला लागेल म्हणे! पंडितने पाकीट उघडलं तर काय दिसेल, त्याची ती काळजी होती. या वाक्यावर आपल्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे आठवून ग्रंथपालांना भर रस्त्यात मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. "मला तो माणूस कधी आवडलाच नव्हता," ती म्हणाली.

"खोटं बोलू नकोस. तुला आवडायचा."

"हो, आवडायचा," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. "म्हणून तर."

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रंथपाल भिंगरीकडे गेले. खाली दुकानाला कुलूप होतं. वर बैठकीच्या खोलीत खिडकीजवळ टेबल होतं, तिथे तिने उरलेली पाकिटं आणून ठेवली. एक एक पाकीट उघडायचं, नाणं बघायचं, जुन्या शेऱ्यावर एक सरळ रेघ मारायची आणि खाली नवीन लिहायचं. झिजलेलं. फार झिजलेलं. ओळखण्यापुरतं. भिंगरी आधी उभी राहून बघत होती, मग समोर बसली. ती बापासारखीच हुशार होती.

"काका, एकाही पाकिटावरचा शेरा बरोबर नाही?"

"नाही."

"एखादा चुकतो, दोन चुकतात. सगळे कसे चुकतील?"

ग्रंथपालांनी लेखणी खाली ठेवली आणि नाणेवाल्याकडे काय ऐकलं ते तिला सांगितलं. फार थोडक्यात सांगितलं, विशेषणं न लावता. तिने मधे एकदाच विचारलं, "विषम वर्षांचीच?" ते म्हणाले, "निवडून." रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टीं टीं आवाज बराच वेळ येत राहिला.

शेवटी तिने लॅपटॉप ओढला. "पाचही जणांचे पैसे परत करते. आणि सगळ्यांना कळावं म्हणून पानावर एक खुलासा टाकते. चालेल ना?"

"चालेल की. टाकायलाच हवा."

ती टाइप करत राहिली आणि मग पडदा त्यांच्याकडे वळवला. तिथे लिहिलं होतं: शेरा देणाऱ्या व्यक्तीच्या चुकीमुळे नाण्यांचा दर्जा जास्त सांगितला गेला. क्षमस्व.

ग्रंथपालांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे खरं नाही, भिंगरी."

"मला माहीत आहे." ती त्यांच्याकडे बघत नव्हती. "पण काका, तुमचं यात काय जातंय? तुमचं नाव कुठेच नाही. तुम्हाला तिथे कोणी ओळखत नाही. बाबांना मात्र सगळे ओळखतात. त्यांची गिऱ्हाइकं बघतात ते पान, माझ्या ऑफिसातले बघतात. ते तर गेले आता. एवढं कराल ना त्यांच्यासाठी?"

एरवी ग्रंथपाल हो म्हणाले असते. शंका घेत घेत का होईना, आयुष्यभर ते अशाच जागी हो म्हणत आले होते. कोणी आवाज मऊ केला की यांची मान हलायची. आणि पोरगी बरोबरच बोलत होती, त्यांना तिथे कोणी ओळखत नव्हतं. ते उठून उभे राहिले.

"काढ ते," ते म्हणाले.

"काका..."

"नाव नाही, पण अक्षर आहे. तुझ्या बाबांना मी एकही शेरा खोटा दिला नाही. त्यांनी कुरकुर केली तरी दिला नाही. तेवढं एकच मी जन्मात नीट केलं असेन. ते मी त्यांच्यासाठी खोटं ठरवणार नाही. त्यांनी माझ्यासाठी काय केलं ते तू आत्ताच ऐकलंस."

एवढं लांब ते त्या घरात कधी बोलले नव्हते. त्यांना धाप लागली. भिंगरीने ओठ दाबून धरले आणि एक एक अक्षर पुसत वाक्य काढून टाकलं.

"मग काय लिहू? माझ्या बापाने फसवलं असं लिहू?"

"तसंही लिहू नकोस." त्यांनी क्षणभर विचार केला. "लिही, पाकिटावरचा शेरा आतल्या नाण्याचा नाही."

तिने ते लिहिलं, वाचलं. "पण लोक विचारतील, नाणं बदललं कोणी?"

"विचारतील."

"मी काय सांगू?"

"ते तू ठरव. मला माहीत होतं ते मी तुला सांगितलं."

तिने बटण दाबलं. खुलासा पानावर गेला. तिच्या त्या फुलाफुलांच्या चादरीच्या फोटोच्या बरोबर वर. ग्रंथपालांनी शेवटची दोन पाकिटं पुरी केली, नाणी आत घातली आणि लेखणीला टोपण लावलं. भिंगरी खिडकीबाहेर बघत होती. ते दारापर्यंत पोचले तेव्हा ती मागे न बघता म्हणाली, "तुम्ही बाबांवर रागावलात?"

"हो."

"फार?"

"फार," ग्रंथपाल म्हणाले.

जिना अर्धा उतरल्यावर ते थांबले. पोरीला बाप जाऊन वर्षही झालं नव्हतं. परत वर जावं आणि दारातूनच काहीतरी मऊ बोलावं, "पण" म्हणून काही जोडावं, असं त्यांच्या मनात आलं. कठड्याला हात लावून ते बराच वेळ उभे राहिले. पण त्या "पण"च्या पुढे काय म्हणायचं, ते काही केल्या सापडेना. मग ते राहिलेल्या पायऱ्या उतरले.